हरलेल्या एकतीस राजांचा नकाशा

सत्त्याण्णव साली आम्ही कुवेतमध्ये, फहाहीलला राहत होतो. मी मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत एका कंत्राटदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. इराकशी झालेल्या लढाईत जळलेलं पुन्हा उभं करायचं काम संपत आलं होतं, पण पाइपलाइनींचे नकाशे काही संपत नव्हते. आमच्या वरच्या मजल्यावर नगरकडच्या एक ताई राहायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स, पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या, आवाज खणखणीत. त्या ख्रिस्ती होत्या. शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधून आल्या की जेवून घेत आणि दुपारी आपल्या हॉलमध्ये आसपासची मराठी मुलं जमवून त्यांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगत.

आम्ही रत्नागिरीकडचे, घरात गणपती बसवणारे. पण आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला गोष्टी आवडायच्या आणि गोष्टीनंतरचे रव्याचे लाडू त्याहून आवडायचे, म्हणून ती नेमाने वर जायची. बायको म्हणायची, "जाऊं दे हो, निदान तासभर मराठी तरी कानावर पडतं." कारण आमची मुलगी आम्ही मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची.

एका शुक्रवारी इस्राएल लोक कनान देशात कसे आले, ही गोष्ट निघाली. कनान म्हणजे भूमध्य समुद्राचा पूर्वेकडचा काठ. त्या काळी तिथे लहान लहान तटबंदीची शहरं होती आणि प्रत्येक शहराला आपला आपला राजा. लढाईत हरलेल्या राजांची यादीच शास्त्रात दिलेली आहे, एकूण एकतीस शहरं आणि एकतीस राजे. ताईंनी ती यादी मुलांकडून तालावर म्हणून घेतली. 'आय' नावाचं शहर आलं तेव्हा मुलं खूप हसली. ताईच म्हणाल्या म्हणे, "आमच्या गावाकडे आईला आय म्हणतात. तेव्हा नीट म्हणा, मान ठेवून."

यादी संपल्यावर आमच्या मुलीने इंग्रजीत विचारलं, ही सगळी शहरं आहेत कुठे? ताईंनी शास्त्राच्या मागच्या पानावरचा नकाशा उघडला. तो तळहाताएवढा. त्यात एकतिसांपैकी दहा-अकराच सापडली.

संध्याकाळी त्या खाली आल्या. हातात कागद, त्यावर एकतीस नावं ओळीने लिहिलेली.

"भाऊ, तुम्ही नकाशे काढता ना?"

"मी पाइपांचे काढतो ताई."

"काय कुठून कुठे जातं, तेच दाखवायचं ना? मला भिंतीएवढा पाहिजे. मुलांना मागच्या रांगेतून दिसला पाहिजे."

मी हो म्हणालो. मला वाटलं, दोन संध्याकाळींचं काम आहे. कुठून तरी एक मोठा नकाशा मिळवायचा, ट्रेसिंग पेपरवर किनारा उतरवून घ्यायचा, ठिपके द्यायचे, झालं. हे काम पुढे सात महिने चाललं.

पहिली अडचण अशी की ठिपके द्यायचे कुठे तेच कुणी ठामपणे सांगत नव्हतं. ताईंनी चर्चच्या वाचनालयातून एक जाडजूड जुना कोश आणला. त्याच्या पुठ्ठ्याला वाळवी लागून गेलेली होती. त्यात प्रत्येक शहरापुढे विद्वानांची मतं होती आणि ती एकमेकांशी भांडत होती. लाखीश हे शहर एकजण एका टेकाडावर ठेवायचा, दुसरा दहा-बारा किलोमीटर पलीकडच्या टेकाडावर. मी पाइपांच्या धंद्यातला माणूस. आमच्याकडे व्हॉल्व्ह एक फूट इकडचा तिकडे झाला तर साइटवरून फोन येतो. इथे राजधानीच इकडची तिकडे होत होती.

"हे टेकाड टेकाड काय आहे?" मी विचारलं. "सगळी शहरं टेकडीवर कशी?"

ताईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुम्हा कोकणातल्यांना पांढर माहीत नाही."

मग त्यांनी मला पांढर समजावून सांगितली. त्यांच्या गावाकडे शेतीची जमीन ती काळी आणि गावठाणाची ती पांढर. मातीची घरं पडतात, त्याच मातीवर पुढची माणसं घरं बांधतात, तीही पडतात. असं शेकडो वर्षं चाललं की गावाखाली पांढऱ्या मातीचं टेकाड तयार होतं. मग कधी तरी गाव उठून दुसरीकडे जातं आणि टेकाड तेवढं राहतं. "पाऊस पडून गेला की आम्ही पोरी तिथं खापरं आणि मणी वेचायला जायचो," त्या म्हणाल्या. "अरबीत त्यालाच तेल म्हणतात. हे तेल, ते तेल. सगळं पांढरच आहे."

आमच्याकडे जांभा दगड. घर पडलं तरी दगड राहतात आणि ते उचलून माणसं दुसरं घर बांधतात. त्यामुळे ही गोष्ट मला नवी होती. पण एकदा समजल्यावर त्या कोशातली भांडणं मला वाचता येऊ लागली. जुनं शहर ओळखायचं तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, तिथे त्या काळची पांढर पाहिजे. दुसरं, जुन्या लिखाणातलं अंतर आणि दिशा जुळली पाहिजे. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावर राहणाऱ्या एका बिशपाने शास्त्रातल्या गावांची यादी करून, कुठलं गाव कुठल्या शहरापासून कितव्या मैलाच्या दगडाशी आहे, ते लिहून ठेवलेलं होतं. आणि तिसरं, जुनं नाव अजून कुणाच्या तरी तोंडात शिल्लक पाहिजे. नाव टेकाडाला नसलं तर शेजारच्या झऱ्याला, वाडीला, एखाद्या पिराला चिकटलेलं असतं.

दुसरी अडचण मोठ्या नकाशाची. दुकानांत मिळायचे त्यांत रस्ते आणि हॉटेलं होती, टेकाडं नव्हती.

आमच्या कंपनीचं गोदाम अर्दियाला होतं. जुने नकाशे, कागदाचे रोल, प्रिंटिंग मशिनचा अमोनिया, सगळं तिथे. गोदामाचे स्टोअरकीपर साठीच्या आसपासचे एक पॅलेस्टिनी गृहस्थ होते. लढाईनंतर त्यांच्या मुलखातली बहुतेक माणसं कुवेत सोडून गेली होती, थोडी राहिली त्यांतले हे. आम्ही सगळे त्यांना हज्जी म्हणायचो. ते पेन्सिल हातात असलेल्या प्रत्येकाला मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर, म्हणायचे. एकदा ऑफिसच्या कामाला गेलो असताना मी त्यांच्याकडे जाड ट्रेसिंग कापडाचा तुकडा मागितला.

"घरच्या कामाला?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

लपवण्यासारखं काही नव्हतं. मी खिशातून यादी काढली. ताईंच्या मराठी नावांपुढे मी इंग्रजी नावं लिहिली होती. हज्जींनी चष्मा चढवला आणि वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा चेहरा गंभीर झाला, आणि मला एकदम भान आलं की ही यादी मी कुणाच्या हातात दिली आहे. हे ज्या मुलखातून लहानपणी, अठ्ठेचाळीसच्या लढाईत, परागंदा झाले, त्याच मुलखावर कुणीतरी तीन हजार वर्षांपूर्वी मिळवलेल्या विजयांची ही यादी. मी म्हणालो, "हज्जी, शेजारच्या ताई मुलांना शिकवतात. त्यांच्यासाठी आहे. दुसरं काही नाही."

त्यांनी ऐकलंच नाही. एका नावावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे काय लिहिलंय?"

"यर्मूथ."

"यर्मूक," ते म्हणाले. "खिरबेत यर्मूक. खिरबेत म्हणजे पडकं गाव. माझ्या मावशीच्या गावाहून दिसायचं. आमच्या शेळ्या जायच्या तिथे." मग यादीची घडी घालून त्यांनी ती आपल्याच खिशात ठेवली. "गुरुवारी ये. अर्धा दिवस असतो ना तुझा? दुपारी ये."

गुरुवारी गेलो तर त्यांनी टेबल रिकामं करून ठेवलं होतं. लोखंडी कपाटातून त्यांनी एक पिशवी काढली, आणि पिशवीतून सुती कापडावर चिकटवलेले, घड्या पडलेले पाच नकाशे. इंग्रजांच्या काळातल्या पॅलेस्टाइनच्या मोजणीचे. सेंटिमीटरला किलोमीटर, इतके बारीक. प्रत्येक ओढा, विहीर, पडकं देऊळ, मशीद, टेकाड, सगळं नावानिशी. त्यांचे वडील मोजणीखात्यात साखळी ओढायच्या कामावर होते आणि नकाशे त्यांच्याकडून आले होते. हज्जींची एकच अट होती. नकाशे गोदामाबाहेर जाणार नाहीत.

म्हणून मग आम्ही अर्दियाला जाऊ लागलो. पहिल्यांदा मी एकटा, पुढच्या गुरुवारी ताईंना घेऊन, आणि ताई आल्या म्हणून बायको आणि मुलगीही. आजूबाजूला सगळी गोदामं, ट्रकांचे हॉर्न, धूळ. आत एका कोपऱ्यात कूलरच्या वाऱ्यावर नकाशे उडू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांवर पाइपांचे फ्लॅंज, जड लोखंडी चकत्या, ठेवलेले. हज्जी मरमिया नावाचा पाला घालून काळा चहा करायचे. त्याला कापरासारखा वास यायचा. बायकोने पहिल्या दिवशी तो भिडेपोटी घेतला, आणि तिसऱ्या गुरुवारी स्वतःहून दुसरा कप मागितला.

कामाची पद्धत आपोआप ठरून गेली. ताई कोशात पाहून मोठ्याने सांगायच्या, "तानख. मगिद्दोच्या जवळ, मैदानाच्या कडेला." हज्जी भिंग घेऊन नकाशाच्या त्या भागात फिरायचे. उत्तरेकडची गावं त्यांनी स्वतः पाहिलेली नव्हती, पण अरबी नावं ते आमच्यापेक्षा वेगळ्या कानाने वाचायचे. थोड्या वेळाने म्हणायचे, "तइन्निक." मी नकाशावरच्या ट्रेसिंगवर ठिपका द्यायचो. "यकनाम," ताई म्हणायच्या. भिंग बराच वेळ फिरायचं. मग, "तेल कैमून." तीन हजार वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं नाव, पण ऐकलं की ओळखू येत होतं.

बेथेलला जरा अडलं. कोशात सांगितलेल्या जागी नकाशावर बैतीन नावाचं खेडं होतं. मी म्हणालो, "हे जुळत नाही. ल कुठे आणि न कुठे."

बायको बाजूला बसून मुलीची वेणी घालत होती. ती म्हणाली, "आमची शेजारीण लिंबाला निंबू म्हणते. म्हणून काय वेगळं झालं?"

ताईंनी टेबलावर हात आपटला. "बघा. नर्सिंग शिकले, ड्रॉइंग शिकले, आणि उत्तर कुणी दिलं." हज्जींना मी ते इंग्रजीत समजावून सांगितलं. त्यांनी बायकोकडे पाहून छातीवर हात ठेवला आणि मान लववली. त्या दिवसापासून ते तिला उस्ताजा, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणू लागले. आणि तिच्याकडे कामही आलं. माझं अक्षर स्टेन्सिलचं, इंग्रजी. देवनागरी नावं लिहायला वळणदार हात हवा होता, तो तिचा होता. पुढची सगळी नावं तिने लिहिली.

यर्मूथचा गुरुवार मला सगळ्यांत जास्त आठवतो. बिशपाने लिहून ठेवलं होतं की बेत जिब्रीन गावाहून यरुशलेमच्या वाटेवर दहाव्या मैलाशी हे ठिकाण आहे. बेत जिब्रीन म्हणजे हज्जींच्या गावाच्या खालच्या अंगाचं मोठं गाव, तिथे बाजार भरायचा. त्या वेळचा रोमी मैल दीड किलोमीटरला थोडा कमी. मी हिशेब केला. दहा मैलांचे पंधरा सेंटिमीटरला थोडे कमी झाले. कंपासमध्ये तेवढं अंतर धरलं, टोक बेत जिब्रीनवर रोवलं आणि कमान काढली. कमान खिरबेत यर्मूकच्या पुढून गेली. चांगली सव्वा सेंटिमीटर पुढून.

मला वाईट वाटलं. हज्जींनी इतक्या खात्रीने सांगितलं होतं. मी म्हणालो, "हज्जी, अंतर चुकतंय. यर्मूक अलीकडे राहतं."

"तू कशाने मोजलंस?"

"कंपासने. सरळ."

"सरळ पाखरू जातं," हज्जी म्हणाले. "आम्ही मावशीकडे पायी जायचो. आधी असं वर, मग या वादीतून, म्हणजे कोरड्या ओढ्यातून, इथे विहीर, पाणी प्यायचं. मग इथून वळायचं. मी बारा वर्षांचा होईतो वर्षातून दोनदा तरी गेलोय. इथे चढ लागतो, तिथे वडील मला खांद्यावर घ्यायचे." नकाशावर त्यांचं बोट चालत होतं आणि कुठेही थांबून शोधत नव्हतं.

ताईंनी पर्समधून बटणं लावायचा दोरा काढला. मी दोऱ्याचं टोक बेत जिब्रीनवर धरलं. हज्जींच्या बोटामागून दोरा वळवत वळवत आम्ही निघालो. आमची मुलगी टेबलावर चढून वळणांवर टाचण्या धरत होती. दोरा खिरबेत यर्मूकशी पोचला तिथे ताईंनी नखाने चिमटीत पकडला. मग सरळ करून पट्टीवर ठेवला.

चौदा सेंटिमीटर आठ मिलिमीटर.

ताईंनी आकडा दोनदा वाचला. मग हज्जी हसायला लागले. ते डोळे पुसत पुसत हसत होते, आणि त्यांचं बघून आम्हीही. मुलगी विचारत होती, काय झालं, आणि ताई तिला सांगत होत्या, "अगं, बिशपसाहेब आणि आपले हज्जी एकाच रस्त्याने गेले होते."

घरी येताना गाडीत ताई एकदम म्हणाल्या, "भाऊ, मी इतकी वर्षं ही यादी वाचते. पण एकाही गावाला रस्ता असेल असं मनात आलं नव्हतं."

सगळंच असं जुळलं नाही. मादोन, लशारोन, गेदेर, यांना जागाच मिळेना. आयचा तर मोठा घोळ. कोशातल्या बहुतेक विद्वानांनी दाखवलेल्या जागेचं अरबी नाव नुसतं 'अत्-तेल', म्हणजे पांढर. पण तिथे खणून पाहिलं तर हवा तो काळ सापडला नाही, म्हणून दुसऱ्यांनी ते शहर दुसरीकडे ढकललेलं. मी ट्रेसिंगवर आय तुटक रेघेच्या वर्तुळाने दाखवलं आणि बाजूला प्रश्नचिन्ह घातलं.

ताईंना ते मुळीच पटलं नाही. "शास्त्रात आहे ना? मग प्रश्नचिन्ह कशाला?"

"ताई, आमच्या धंद्यात जी लाइन स्वतः जाऊन तपासली नाही ती तुटक दाखवतात. लाइन नाहीच, असा त्याचा अर्थ नसतो."

"मुलं काय समजतील? ताईलाच खात्री नाही असं."

मी ऐकेना, त्या ऐकेनात. दोन आठवडे त्या अर्दियाला आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या की मुलीची चौकशी करायच्या, नकाशाचं नाव काढायच्या नाहीत. मला चुकल्यासारखं व्हायचं, पण प्रश्नचिन्ह खोडवत नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी त्या आल्या. हज्जींनी विचारलं, कुठे होता. ताईंनी खरं ते सांगितलं. हज्जी मरमिया चुरडत होते. ते म्हणाले, "सिस्टर, आमच्या अंगणात विहीर होती. आता मला तिथे नेऊन सोडलंत तर ती नेमकी कुठे होती हे मला दाखवता येणार नाही. घरंच राहिली नाहीत, खूण कशाची धरणार. मी पण बोटाने हवेत तुटक वर्तुळ काढीन. म्हणून काय आम्ही पाणी प्यायलो नाही?"

ताईंनी कप खाली ठेवला. मग मला म्हणाल्या, "वर्तुळ राहू दे. प्रश्नचिन्ह तेवढं काढा." मी काढलं. मलाही ते बरं वाटलं.

शेवटी हिशेब असा झाला. एकोणीस शहरं पक्क्या ठिपक्याची, आठ तुटक वर्तुळांची, आणि चार नावं समुद्राच्या मोकळ्या जागेत चौकट करून लिहिलेली, वर बायकोच्या अक्षरात 'जागा अजून कळलेली नाही'. ताई म्हणाल्या, "अजून हा शब्द चांगला आहे."

मी ऑफिसात साहेबांना विचारून अमोनियाच्या मशिनवर प्रिंट काढली. पाच फूट उंच, निळ्या रेघांची. शुक्रवारी ती ताईंच्या हॉलच्या भिंतीवर लागली. पडदा बाजूला केला तेव्हा मुलांना अमोनियाचा वास आला आणि सगळ्यांनी नाकं धरली. हज्जींना आम्ही मुद्दाम बोलावलं होतं. ते इस्त्रीचा कोट घालून, हातात कुनाफा नावाच्या चीज घातलेल्या अरबी मिठाईचं मोठं ताट घेऊन आले. बायकोने नारळाच्या वड्या केल्या होत्या. मुलांनी दोन्हींवर सारखाच हात मारला.

ताईंनी छडी घेऊन शहरं दाखवली. मुलांनी राजे मोजले. पण अर्ध्या तासात सगळी मुलं हज्जींच्या भोवती जमली, कारण या नकाशात राहून आलेला माणूस प्रत्यक्ष सोफ्यावर बसला होता. तिकडे उंट असतात का, बर्फ पडतो का, शाळा होती का. हज्जी एकेकाला उत्तर देत होते. बर्फ एकदा पडला होता, आणि शेळ्यांनी तो खाल्ला. हे त्यांनी सांगितल्यावर मुलांना यरीहोच्या राजाचं काही राहिलं नाही.

आमच्या मुलीने विचारलं, "व्हेअर इज युवर हाउस?"

हज्जी उठून नकाशाजवळ गेले आणि एका कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. तिथे काहीच नव्हतं, कारण त्यांचं खेडं कुठल्या राजाचं शहर नव्हतं. ताई लगेच माझ्याकडे वळल्या. "भाऊ, पेन आहे ना खिशात? द्या एक ठिपका. बत्तीस होऊ देत."

मी पेन काढलंही. पण हज्जींनी माझा हात धरला.

"नको मुहंदिस. ही हरलेल्यांची यादी आहे. माझ्या गावाला यात घालू नकोस."

ते हसत म्हणाले, म्हणून आम्हीही हसलो. पण ताईंनी त्यांच्या ताटात आणखी दोन वड्या वाढल्या आणि ते खाऊन होईपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहिल्या.

त्या नकाशाच्या पुढे बऱ्याच प्रती निघाल्या. चर्चमधल्या मल्याळी मंडळींनी एक मागितली, तिच्यावर आमच्या ऑफिसातल्या एका वेल्डिंग इन्स्पेक्टरने मल्याळीत नावं लिहिली. मग गोव्याकडच्यांनी मागितली. एक प्रत हज्जी घेऊन गेले. चार-पाच वर्षांनी ते अम्मानला मुलाकडे राहायला गेले तेव्हा ती गुंडाळून सामानात नेली, असं त्यांनी फोनवर सांगितलं. दोन हजार तीनच्या सुमारास ताई निवृत्त होऊन नगरला गेल्या. त्यांची प्रत तिकडच्या चर्चच्या शाळेत लागली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही एगैलाजवळ थोडं मोठं घर भाड्याने घेतलं. मॉल नव्याने उघडत होते, मुलगी कॉलेजला होती, आणि माझं ड्रॉइंगचं टेबल केव्हाच जाऊन त्या जागी कॉम्प्युटर आला होता.

दोन हजार सहाच्या एका शुक्रवारी मुलीने मला हाक मारली. आकाशातून काढलेले साऱ्या जगाचे फोटो घरच्या कॉम्प्युटरवर दिसायला लागले होते. आधी तिने आमचं घर शोधलं, मग फहाहीलची जुनी इमारत, मग रत्नागिरी. मग म्हणाली, "बाबा, युवर थर्टी-वन किंग्ज?"

मी नकाशाची आमची प्रत काढून जमिनीवर पसरली. तिने एकेक जागा फोटोवर आणायला सुरुवात केली. चित्र धूसर होतं, पण टेकाडं कळत होती. वरून पाहिलं की शेतांच्या चौकोनांत एक गोलसर, फिकट डाग दिसायचा. मगिद्दो दिसलं. लाखीश दिसलं, आम्ही ठरवलं होतं त्याच टेकाडावर खणल्याच्या खुणा होत्या. मी प्रत्येक वेळी खुर्चीत पुढे सरकत होतो.

"आता दोर," ती म्हणाली. दोर हे समुद्रकाठचं शहर.

तिने माझ्या नकाशावरून मोजून जागा काढली आणि फोटोवर आणली. पडद्यावर निळं पाणी आलं. नुसतं पाणी. टेकाड बरंच उजवीकडे, काठावर होतं.

"बाबा," ती या वेळी चक्क मराठीत म्हणाली, "तू राजाला बुडवलंस."

मी भिंग घेऊन प्रत तपासली. चूक माझीच होती. किनारा मी पावसाळी, दमट दिवसांत एका कागदावर उतरवला होता आणि ठिपके नंतर कोरड्या उन्हाळ्यात दुसऱ्या. ट्रेसिंग कागद हवेतल्या ओलीने ताणतो, हे मी नवशिक्यांना शिकवायचो. दीड मिलिमीटरचा फरक, पण दोर इतकं काठावर होतं की तेवढ्यात ते पाण्यात गेलं. नऊ वर्षं कुवेत, नगर आणि अम्मान अशा तीन ठिकाणी ते पाण्यात होतं, आणि कुणालाच कळलं नव्हतं.

मी नगरला फोन लावला. ताईंना सांगितलं. त्या किती वेळ तरी हसत राहिल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या, "मी उद्या शाळेत जाते आणि लाल पेनने बाण काढून त्याला काठावर आणते. मुलांना सांगते, राजा पोहायला गेला होता."

"ताई, बाकीचेही तपासायला पाहिजेत. आणखी कुणी बुडालं असेल."

"मग बसा ना आत्ताच. मी यादी काढते. मी वाचते, पोरीला शोधायला सांगा."

मुलीने फोन स्पीकरवर टाकला. बायको जेवायचं वाढू का म्हणून विचारायला आली आणि पदराला हात पुसत आमच्यामागे उभी राहिली. नगरहून ताईंचा आवाज आला, शाळेतल्या मुलांना सांगावं तसा, खणखणीत.

"यरीहो."

"सापडलं," मुलगी म्हणाली. "पुढचं?"

त्या शुक्रवारी आम्ही सोळापर्यंत पोचलो. उरलेले पंधरा पुढच्या आठवड्यात केले; चौकटीतली चार नावं तेवढी नुसती वाचली.